विश्रांतीची मुदत

कर्करोगावरील शेवटचा उपचार आटोपून रुग्ण ज्या दिवशी घरी परततो, त्या दिवशी घरातील माणसे त्याच्यासाठी जी पहिली व्यवस्था करतात ती बहुधा अंथरुणाची असते. खिडकीजवळची जागा मोकळी केली जाते, उशाशी पाण्याचा तांब्या आणि औषधांचा डबा येतो, आणि ‘आता तुम्ही काही म्हणजे काही करायचे नाही’ असा प्रेमाचा हुकूम सुटतो. या हुकमामागील माया खरी असते. ज्या माणसाला महिनेच्या महिने सुया, किरणे आणि ओकाऱ्या सोसताना पाहिले, त्याला आता तरी स्वस्थ पडू द्यावे, असे कोणाला वाटणार नाही? परंतु त्या हुकमाला मुदत घातलेली नसते, एवढीच त्यातील उणीव. आणि बेमुदत विश्रांती ही, ज्या अशक्तपणावरचा इलाज म्हणून योजलेली असते, त्याच अशक्तपणाचे कारण होऊन बसते. उपचारानंतरच्या विश्रांतीला मुदत असावी, आणि ती संपताच हालचाल औषधासारखी मोजून, नेमाने व वाढत्या मात्रेने सुरू व्हावी, ही या लेखाची विनंती आहे. पुढील सर्व विवेचन तिच्याच तपशिलाचे आहे.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालयाचे दार उघडले, त्या काळी कर्करोग झालेला माणूस वाचेल की नाही, हीच सर्वांची पहिली आणि बहुतेकांची अखेरची चिंता असे. वाचल्यावर पुढे कसे जगावे, हा विचार करण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येई. आज ते भाग्य पुष्कळांना लाभते. उपचार पुरे करून, जाडजूड फाइल काखोटीला मारून माणसे आपापल्या गावी परततात. त्या फाइलीत शस्त्रक्रियेचा, औषधांचा, किरणांच्या मात्रेचा बारीकसारीक हिशेब नोंदलेला असतो. पण उद्या सकाळी उठून किती पावले चालावीत, कोणते ओझे उचलावे व कोणते उचलू नये, याचा उल्लेख मात्र तिच्यात क्वचितच सापडतो. ती रिकामी राहिलेली जागा रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी, वैद्यकीय सल्ल्याने, स्वतः भरून काढावयाची असते.

प्रथम थकव्याविषयी बोलणे जरूर आहे, कारण हालचालीच्या आड येणारा मुख्य अडसर तोच. दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसाचा थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. कर्करोगाच्या उपचारानंतरचा थकवा तसा उतरत नाही. आठ तास झोपूनही अंग जड राहते, जिन्याच्या चार पायऱ्यांत दम लागतो, आणि मन म्हणते, अजून विश्रांती कमी पडली असावी. मग विश्रांती वाढते, स्नायू आणखी झिजतात, झिजलेल्या स्नायूंना थोडेसे कामही भारी वाटू लागते, आणि थकव्याचे चक्र अधिक घट्ट होते. अंथरूण स्नायूंचे काय करते, याची कल्पना २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगावरून येते: साठी उलटलेल्या, पण प्रकृतीने निरोगी अशा स्त्रीपुरुषांना अवघे १० दिवस बिछान्यावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील मांसल भाग सरासरीने सुमारे एक किलोने घटला. निरोगी देहाची दहा दिवसांत ही गत, तर रोगाने व औषधांनी आधीच पोखरलेल्या देहाला महिनोन् महिने पडून राहणे किती महाग पडत असेल, हे वेगळे सांगावयास नको. या थकव्यावर जे उपाय अभ्यासांती उपयोगी ठरले आहेत, त्यांत बेताच्या व्यायामाचे स्थान फार वरचे आहे. थकलेल्याने चालावे, हे ऐकावयास विपरीत वाटले तरी अनुभवास उतरते.

थकवा जाण्यापलीकडेही काही लाभ होतो काय, या प्रश्नाला मोठ्या आतड्याच्या कर्करोगापुरते एक भक्कम उत्तर जून २०२५ मध्ये मिळाले. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथील रुग्णालयांनी मिळून ८८९ रुग्णांवर ही पाहणी केली. शस्त्रक्रिया व त्यानंतरची केमोथेरपी पुरी झालेल्या या रुग्णांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले, एका गटाला आरोग्यविषयक माहितीपुस्तिका दिली, आणि दुसऱ्याला तीन वर्षेपर्यंत मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायामाचा नेम लावून दिला. पाच वर्षांनी पाहता, रोग न उलटता हयात असलेल्यांचे प्रमाण व्यायामाच्या गटात सुमारे ८० टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ७४ टक्के भरले; आठ वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९० आणि ८३ टक्के होते. व्यायामाच्या गटात स्नायू व सांधे दुखावण्याच्या तक्रारी काहीशा अधिक आल्या, हेही त्याच पाहणीने प्रामाणिकपणे नोंदले आहे. हे आकडे आतड्याच्या एका विशिष्ट अवस्थेतील कर्करोगाचे आहेत. ते उचलून सर्व कर्करोगांना लावणे योग्य होणार नाही, आणि व्यायाम हा औषधांच्या जागी चालेल असा अर्थ तर त्यातून मुळीच निघत नाही. परंतु ज्या नेमाने एवढे साधले तो नेम काही मल्लाचा नव्हता: बहुतेकांनी आठवड्यातून तीनचार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालावे, साधारण तितक्याच बेताचा तो होता.

‘व्यायाम’ हा शब्दच आपल्याकडे अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, परका वाटतो. महाराष्ट्रात व्यायाम म्हटला की तालमीतील लाल माती, जोरबैठका आणि मुद्गल डोळ्यांपुढे येतात; औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात सूर्यनमस्कारांचा घरोघर प्रसार करण्याचा ध्यास घेतला, तेव्हा कोठे व्यायामाने तालमीबाहेर पाऊल टाकले. तरीही ज्या गृहिणीने जन्मभर पाणी भरले, दळण आणले, जिने चढले, तिला ‘तुम्ही व्यायाम करा’ असे सांगताच ती संकोचते. तिने एवढे लक्षात घ्यावे की येथे अभिप्रेत आहे ती देहाला पूर्वी अंगवळणी असलेली हालचाल, फक्त मापाने आणि क्रमाने परत आणलेली. सूर्यनमस्कार उत्तमच, परंतु खांदे मोकळे झाल्यावर आणि हाडांविषयी डॉक्टरांनी निर्वाळा दिल्यावर त्यांची पाळी येते, त्याआधी नव्हे.

आरंभ करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून काही प्रश्नांची स्पष्ट उत्तरे घ्यावीत, आणि ती फाइलीतच लिहून घ्यावीत. रक्तातील हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट यांचे प्रमाण पुरेसे आहे काय? रोग हाडांत पोहोचलेला आहे काय, किंवा हाडे ठिसूळ झाली आहेत काय? दिलेल्या औषधांपैकी एखादे हृदयावर परिणाम करणारे होते काय, जसे डॉक्सोरुबिसिन वा ट्रॅस्टुझुमॅब, आणि असल्यास हृदयाची तपासणी कधी झाली? जखम पूर्ण भरली आहे काय, आणि वजन उचलण्याची मनाई कधीपर्यंत आहे? पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ही मनाई सर्वसाधारणपणे सहा आठवड्यांची असते. पण आपली मुदत आपल्या शल्यचिकित्सकाच्या तोंडून ऐकावी, शेजाऱ्याच्या नव्हे. जवळपास कर्करोगाच्या रुग्णांशी परिचय असलेला फिजिओथेरपिस्ट असेल तर एकदोन वेळा त्याची भेट घेणे फार हिताचे ठरते.

आता मात्रेविषयी. अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांनी बोलावलेल्या आणि अनेक देशांतील जाणकारांनी भाग घेतलेल्या परिषदेचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला, तो असा की आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी ३० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि आठवड्यातून दोन वेळा स्नायूंना बळ देणारा व्यायाम, असा क्रम दोनतीन महिने चालवल्यास थकवा, चिंता, खिन्नता आणि हालचालींची क्षमता यांत सुधारणा होते. हा मुक्कामाचा आकडा आहे, प्रस्थानाचा नव्हे. अंथरुणातून नुकत्याच उठलेल्या माणसाने पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे चालावे, हवे तर दिवसातून दोनतीनदा. पुढच्या आठवड्यात त्यात दोनतीन मिनिटांची भर घालावी. आणि एखाद्या आठवड्यात देह नाही म्हणाला तर आहे तेथेच थांबावे. आळंदीहून पंढरपूरला जाणारी पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट चालते, ती रोजचे टप्पे आणि विसाव्याच्या जागा आधीच ठरलेल्या असतात म्हणून. थकून कोसळल्यावर विसावा शोधावयाचा, असा तिचा रिवाज नाही. रुग्णानेही दम संपण्याच्या आधी बसण्याची जागा हेरून ठेवावी: अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची, बागेतला बाक, देवळाचा पार.

चालण्यासाठी मैदानच पाहिजे असे नाही. चाळीची गॅलरी, घराची ओटी, इमारतीची गच्ची, पावसाळ्यात स्वयंपाकघरापासून दारापर्यंतची वाट, यांतले काहीही चालते. फेऱ्या मोजाव्या म्हणजे झाले. गतीचे माप अगदी सोपे आहे: चालताना सोबत्याशी वाक्ये पूर्ण करून बोलता यावे, पण अभंग म्हणू गेल्यास श्वास अपुरा पडावा. सहज गाता आले तर गती थोडी वाढवावी; बोलतानाच शब्द तुटू लागले तर कमी करावी. उन्हाळ्यात सकाळची वेळ गाठावी. केमोथेरपी अद्याप चालू असेल आणि रक्तातील पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील, तर गर्दीची व्यायामशाळा व पोहण्याचा तलाव टाळावा.

या नेमाची एक रोजकीर्द ठेवावी. जुन्या पेढ्यांवर रोजच्या जमाखर्चाची नोंद त्या त्या दिवशीच होई आणि शिल्लक काढल्यावाचून वही मिटत नसे. तसे एका साध्या वहीत तारीख, चाललेली मिनिटे, झोप, आणि थकव्याला शून्य ते दहा यांपैकी दिलेला एक अंक, एवढेच रोज रात्री लिहावे. बरे वाटलेल्या दिवशी उत्साहाच्या भरात सारी कामे उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचे, हा अनेकांचा घात करणारा प्रकार वहीत चटकन दिसून येतो, आणि शक्तीची शिल्लक पाहून खर्च करण्याची सवय लागते. शिवाय महिन्याने मागची पाने उलटताना पाच मिनिटांची वीस मिनिटे झालेली दिसतात, तेव्हा जो धीर येतो तो कोणाच्या सांत्वनाने येत नाही.

बळाच्या व्यायामासाठी घरातील वस्तू पुरतात. हात न टेकता खुर्चीवरून उठणे आणि सावकाश बसणे, हा मांड्यांचा उत्तम व्यायाम. आरंभी हात टेकले तरी हरकत नाही. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे भिंतीला लावून घातलेले जोर छाती व दंडांना बळ देतात. ओट्याचा आधार घेऊन टाचा उचलल्याने पोटऱ्या सुधारतात आणि तोल सावरतो. अर्धा लिटर पाण्याने भरलेली बाटली म्हणजे सुमारे अर्धा किलोचे वजन. हातांच्या व्यायामाला तेवढे पहिल्या महिन्यात भरपूर झाले. प्रत्येक प्रकार आठदहा वेळा करावा, थोडे थांबून पुन्हा एकदा करावा, आणि श्वास कधीही कोंडू नये. लेट्रोझोल वा अ‍ॅनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्या स्त्रियांचे सांधे सकाळी आखडतात व हाडे विरळ होतात. प्रोस्टेटच्या रोगासाठी हार्मोनचे उपचार घेणाऱ्या पुरुषांचे स्नायू झिजतात. या दोघांना बळाचा व्यायाम विशेष उपकारक आहे. त्याच्या जोडीला डाळी, उसळी, दूध, दही, आणि चालत असल्यास अंडी व मासे आहारात हवेत. स्नायू घडावयास कच्चा माल लागतोच.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः काखेतील लसिकाग्रंथी काढल्या असतील तर, त्या बाजूच्या खांद्याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावे. रुग्णालयात जखमेची नळी असेपर्यंत हात खांद्याच्या पातळीपर्यंतच हलवावयास सांगतात. नळी निघाल्यावर भिंतीसमोर उभे राहून बोटांनी हळूहळू वर चढत जावे, जेथपर्यंत हात पोहोचला तेथे पेन्सिलीची खूण करावी, आणि खूण वर सरकवीत न्यावी. आपले केस स्वतः विंचरता येणे आणि पोलक्याची मागची गाठ बांधता येणे, ही दोन साधी उद्दिष्टे डोळ्यांपुढे ठेवावीत. त्या हाताला लसिका साचून सूज येण्याचे भय अशा स्त्रियांना जन्मभर घातले जाई, आणि ‘त्या हाताने कळशीसुद्धा उचलू नको’ अशी ताकीद मिळे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने हे भय बरेच निवारले: आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांनी देखरेखीखाली, हाताला दाबाची बाही घालून, अगदी हलक्या वजनापासून सावकाश चढत वर्षभर व्यायाम केला, त्यांच्या हाताची सूज इतरांपेक्षा अधिक वाढली नाही, उलट सूज बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात १४ टक्के तर व्यायाम न करणाऱ्यांत २९ टक्के आढळले. यातील ‘सावकाश’ हा शब्द मात्र विसरू नये. आणि सुजेची पहिली खबर बांगड्या देतात: रोजच्या बांगड्या त्या हातात घट्ट होऊ लागल्या, अंगठी रुतू लागली किंवा पोलक्याची एकच बाही आवळू लागली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांमुळे आपल्या राज्यात तोंडाचा कर्करोग फार. आणि त्याच्या रुग्णांना व्यायाम म्हणजे केवळ हातापायांचा असे वाटत असल्याने जबड्याची हयगय होते. शस्त्रक्रियेने आणि किरणोपचाराने जबड्याचे स्नायू आकसतात. एरवी ज्या तोंडात आपली तीन बोटे उभी मावतात, त्यात एक बोटही जाईनासे होते, आणि मग भाकरीचा तुकडा, दातांची सफाई, बोलणे, सारेच अडते. यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये धरून तोंड काही सेकंद ताणून ठेवावे, आणि दिवसागणिक नव्हे तर जमेल तसतशी एकेक काडी वाढवावी, अशी पद्धत फिजिओथेरपिस्ट शिकवतात. ती दिवसातून अनेक वेळा करावी लागते. किरणांचा हा परिणाम उपचार संपल्यावरही वर्षानुवर्षे वाढू शकतो, म्हणून हा नेम बरे वाटले तरी सोडू नये. मानेतील गाठी काढताना खांद्याच्या मज्जातंतूला धक्का पोहोचला असेल तर त्या बाजूचा खांदा खाली उतरतो व हात वर जात नाही; खांदे उचलणे आणि मागे खेचणे हे व्यायाम तेथे लवकर सुरू करावेत. आणि तंबाखू पुन्हा तोंडात घालणे म्हणजे या साऱ्या कष्टांवर पाणी सोडणे होय.

काही औषधांनी, उदाहरणार्थ पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टीन वा ऑक्सॅलिप्लॅटिन यांनी, पायांचे तळवे बधिर होतात. अशांनी अनवाणी चालू नये, निसटणारी स्लिपर घालू नये, टाच बांधणारी पादत्राणे वापरावीत, सपाट जागी चालावे, आणि रात्री तळवे उजेडात न्याहाळावेत, कारण लागलेला काटा त्यांना दुखून सांगत नाही. पोटावर मलमार्गाची पिशवी असणाऱ्यांनी चालणे निर्धास्तपणे करावे, मात्र जड वजने आणि पोटावर जोर येणारे व्यायाम सल्ल्यावाचून करू नयेत. हाडांत रोग असणाऱ्यांनी उड्या, कंबरेतून पिळणारी आसने आणि वाकून ओझे उचलणे वर्ज्य करावे. त्यांच्यासाठी वेगळा नेम आखता येतो, तो तज्ज्ञाकडूनच आखून घ्यावा.

आणि ही खबरदारी सर्वांसाठी. छातीत दुखणे, बसल्या जागी दम लागणे, चक्कर, नाडीचे अनियमित ठोके, एकाच पोटरीला आलेली दुखरी सूज, कोठूनही रक्तस्राव, अथवा रात्री जागे करणारे नवे हाडदुखीचे लक्षण दिसल्यास व्यायाम त्याच क्षणी थांबवावा आणि डॉक्टरांना कळवावे; छातीतील कळ वा धाप शमत नसेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ताप असेल त्या दिवशी व्यायामाला रजा द्यावी. केमोथेरपी चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर ती घरी अंगावर काढण्याची गोष्ट नव्हे. याउलट, व्यायामानंतर स्नायूंना आलेली आणि दोन दिवसांत जाणारी हलकी ठणक ही भिण्याची बाब नाही.

शेवटी घरच्या माणसांसाठी एक शब्द. आपण दिलेला विश्रांतीचा हुकूम आपणच मागे घेतला पाहिजे, कारण रुग्ण तो बहुधा आपल्या मायेखातर पाळत असतो. त्याला एकट्याने फिरावयास पिटाळण्यापेक्षा त्याच्याबरोबर चालावे. आणि घरातील एखादे बेताचे काम, कोपऱ्यावरून भाजी आणणे, तुळशीला व कुंड्यांना पाणी घालणे, नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोहोचवणे, त्याच्या नावावर कायमचे चढवावे. दुखण्याने ज्याच्याकडून सगळी कामे काढून घेतली, त्याला एक काम परत मिळणे म्हणजे घरातील आपली जागा परत मिळणे असते.

रुग्णाने आपल्या बाजूने आरंभ कोठून करावा, असे कोणी विचारील, तर उत्तर खिडकीजवळच्या त्या अंथरुणापाशीच आहे. उद्या सकाळी उठल्यावर चादरीची घडी दुसऱ्या कोणाला घालू देऊ नये; उभे राहून, दोन्ही हात जमतील तितके पसरून, ती आपण घालावी आणि उशाशी ठेवावी. त्या दिवसाच्या पानावर रोजकीर्दीत पहिली नोंद तीच करावी, आणि मग पाच मिनिटांच्या फेरीसाठी पायांत चपला सरकवाव्यात.